मानवशास्त्र, समाजशास्त्र की मानसशास्त्र? पदवीचा फॉर्म भरण्याआधी

१९२६ साली एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड नावाचा तरुण ब्रिटिश अभ्यासक आजच्या दक्षिण सुदानमध्ये आझांदे लोकांकडे राहायला गेला. तिथे धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी असत आणि दुपारच्या उन्हात माणसं त्यांच्या सावलीला बसत. खांबांना वाळवी लागायची, कधीतरी एखादं कोठार कोसळायचं आणि खाली बसलेल्यांना इजा व्हायची. आझांदेंना वाळवी माहीत नव्हती असं मुळीच नाही. खांब पोखरला होता हे कुणीही सांगत असे. पण नेमकं त्याच घटकेला कोठार का पडलं, आणि नेमकी हीच माणसं खाली असताना का, हे वाळवी सांगत नव्हती. ते सांगायला त्यांच्याकडे 'मांगू' होतं.

मांगूला मराठीत काय म्हणायचं? 'करणी' म्हटलं तर कुणीतरी मुद्दाम काहीतरी केलेलं असतं. मांगू तसं नाही. ते पोटात असलेलं द्रव्य, बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे आलेलं, आणि ज्याच्या पोटात आहे त्याला त्याचा पत्ताही नसू शकतो. 'चेटूक' थोडं जवळ जातं, पण तोही शब्द नीट बसत नाही.

ही हकीकत तीन वर्गांत वाचायला दिली तर तीन वेगळे तास होतील. मानसशास्त्राच्या वर्गात विचारतील, निव्वळ योगायोग मान्य करणं माणसाच्या मनाला इतकं जड का जातं? समाजशास्त्राच्या वर्गात विचारतील, संशय कुणावर घेतात? शेजाऱ्यावर घेतात, मग राजघराण्यातल्या माणसावर का घेत नाहीत? (आझांदे खरंच घेत नसत.) मानवशास्त्राच्या वर्गात मी आत्ता जे केलं तेच तासभर चालेल: हा शब्द काय आहे, तो कोण कधी वापरतो, आणि त्याचं भाषांतर 'अंधश्रद्धा' असं करून टाकलं तर आपल्या हातून काय निसटतं. वाचताना तुमच्या डोक्यात यातला कोणता प्रश्न आधी आला ते लक्षात ठेवा.

मी पदवीला मानवशास्त्र घेतलं आणि जोडविषय म्हणून समाजशास्त्राचे चार पेपर दिले. आता आरोग्यविषयक संशोधनात आहे आणि माझ्या टेबलाच्या आजूबाजूला या तिन्ही विषयांची माणसं बसतात. दरवर्षी कुणाची तरी भाची, कुणाचा तरी मुलगा फोन करून विचारतो, हे घेऊ की ते? फोनवर जे सांगते तेच इथे जरा ऐसपैस लिहिते. मी मानवशास्त्राच्या बाजूची आहे, तेवढं वजा करून वाचा.

आधी नावाचा घोळ

'मानवशास्त्र' या एकाच पाटीखाली निदान दोन वेगळ्या पदव्या चालतात. अमेरिकेत फ्रान्झ बोआस या तिथल्या मानवशास्त्राच्या आद्य गुरूच्या परंपरेतली चार शाखांची पदवी असते: माणसाचं शरीर आणि उत्क्रांती, पुरातत्त्व, भाषा, संस्कृती. सुरुवातीला चारही चाखायच्या आणि मग एकीवर बस्तान मांडायचं. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी नुसतं सामाजिक मानवशास्त्र शिकवतात. तिथे पदवी संपेपर्यंत हाड हातात येत नाही. काही विद्यापीठांत विषय चक्क विज्ञान शाखेत बसतो आणि जनुकशास्त्र, रक्तगट, शरीराची मोजमापं यांना बरीच जागा मिळते.

माझ्या वर्गातला एक मुलगा लोककलांवर काम करायचं म्हणून आला होता. पहिल्याच सत्रात त्याच्या हातात कवटी मोजायचा कंपास आला आणि तो पार खचला. उलटही होतं. फॉरेन्सिकच्या मालिका बघून आलेल्या मुलीला पहिलं वर्षभर नातेव्यवस्था आणि धर्म वाचावा लागतो. दोघांनीही पदवीचं नाव वाचलं होतं, वाचनयादी वाचली नव्हती. तेव्हा ज्या विभागात जायचंय त्याचा सगळ्या वर्षांचा पेपरवार अभ्यासक्रम आधी मिळवा. हे केल्याशिवाय पुढची तुलना वाऱ्यावर जाईल.

मामा आणि भाचा

सर्वांत जास्त गोंधळ मानवशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्यात होतो, आणि त्याला कारणही आहे. दोन्ही एका घरातली.

एमिल दुर्खीम समाजशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक. १८९७ साली त्याने आत्महत्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी तो कुणाच्या घरी जाऊन बसला नाही. सरकारी नोंदी घेतल्या आणि विवाहित-अविवाहित, कॅथलिक-प्रोटेस्टंट, युद्धाचा काळ-शांततेचा काळ अशा जोड्या लावून दर ताडून पाहिले. इतक्या खासगी कृत्याचा दर एकेका समाजात वर्षानुवर्षं इतका ठरावीक कसा राहतो, हा त्याचा प्रश्न. या नोंदी लावायला त्याला मदत केली ती मार्सेल मोसने, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाने. हाच भाचा पुढे मानवशास्त्राचा खांब झाला. देणं, घेणं आणि परतफेड यांवरचा त्याचा १९२५चा निबंध विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो.

(इंग्रजीतून वाचणाऱ्याला दुर्खीम हा मोसचा नुसता 'अंकल' म्हणून भेटतो. काका की मामा, ते वेगळं शोधावं लागतं. कोणती भाषा कोणत्या नात्याला स्वतंत्र नाव देते यावर ल्युईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकिलाने १८७१ साली भला मोठा ग्रंथ काढला. नातेव्यवस्थेच्या आकृत्या मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला काढाव्याच लागतात: त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न. मला त्या फार आवडायच्या. वर्गातल्या बाकी कुणाला आवडल्याचं आठवत नाही.)

भाच्याच्या त्या निबंधाला खाद्य पुरवणाऱ्यांत एक होता ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की. १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांत तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर तंबू ठोकून राहिला आणि तिथली भाषा शिकला. त्या भागात लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात आणि पांढरी शंखकंकणं उलट दिशेने. मिळालेली वस्तू कुणी कायमची ठेवून घेत नाही, काही काळ मिरवतो आणि पुढे देतो. त्यासाठी माणसं होड्या घेऊन खुल्या समुद्रात जातात. हे करणारे किती टक्के, असा प्रश्न इथे नव्हता. जिचा रोजच्या वापरात काही उपयोग नाही अशा वस्तूसाठी माणूस समुद्र का ओलांडतो, हे समजून घ्यायचं होतं.

पूर्वी ढोबळ वाटणी अशी होती की आपल्या शहरांचा अभ्यास करतो तो समाजशास्त्रज्ञ आणि दूरच्या बेटावर जातो तो मानवशास्त्रज्ञ. ती वाटणी वसाहतींच्या काळातली आणि 'आपण' कोण हे युरोपने ठरवलेलं होतं. आता ती मोडली आहे. मानवशास्त्रज्ञ शेअर बाजारात आणि अतिदक्षता विभागात जाऊन बसतात, समाजशास्त्रज्ञ खेड्यांत राहतात. म्हणून 'कशाचा अभ्यास' असं विचारून या दोघांत निवड होणार नाही. हाताला कोणती सवय लागते ते बघावं लागेल.

माझ्या हाताला लागलेल्या दोन्ही सवयी सांगते. पहिल्या सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्या बाईंनी सांगितलं, कुठेही एक तास बसा आणि दिसेल ते लिहा. मी एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसले आणि चार पानं लिहून दिली. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने एकच प्रश्न सात ठिकाणी होता: 'कसं कळलं?' त्रासलेली बाई आत आली. कसं कळलं? मागून तिचा नवरा आला. कसं कळलं? काउंटरवरची मुलगी उद्धटपणे बोलली. कसं कळलं?

मी पुन्हा जाऊन बसले. या वेळी लिहिलं की बाईने पर्समधून कागद काढला, उघडला, घडी करून ठेवला, आणि असं चारदा केलं. मागून आलेला पुरुष तिच्या शेजारी न बसता एक खुर्ची सोडून बसला. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता 'नंबर?' एवढंच विचारलं. दुसऱ्या वहीत लाल शाई एकाच जागी होती. 'एक खुर्ची सोडून बसला' याच्याखाली रेघ आणि पुढे दोन शब्द: 'आता विचारा.'

त्याच महिन्यात समाजशास्त्राच्या पेपरसाठी प्रश्नावली करायची होती. माझा एक प्रश्न होता, 'तुम्ही औषधं नियमित आणि वेळेवर घेता का?' सरांनी तो फळ्यावर लिहिला आणि त्याची चिरफाड केली. नियमित आणि वेळेवर हे दोन प्रश्न एकात कोंबलेत. नियमित म्हणजे किती, हे उत्तर देणाऱ्याने कसं ठरवायचं? आणि तोंडावर 'नाही' म्हणायला किती जण धजावतील? तास संपेपर्यंत त्याचं 'गेल्या सात दिवसांत किती दिवस गोळी घ्यायची राहून गेली?' असं झालं. माझ्या सगळ्या पदवीतला सर्वांत उपयोगी तास तो होता, असं मी आजही म्हणते, आणि तो माझ्या मुख्य विषयाचा नव्हता.

रोजच्या अभ्यासातही हाच फरक जाणवतो. समाजशास्त्रात आठवड्याला तीन-चार लेख, त्यांतली कोष्टकं, वर्ग, शिक्षण, लिंग, स्थलांतर यांवरचे सिद्धांत. संख्याशास्त्राचा पेपर बहुतेक ठिकाणी चुकत नाही. मानवशास्त्रात एका गावावर, एका कारखान्यावर किंवा एका रुग्णालयावर लिहिलेलं तीनशे पानी पुस्तक पंधरवड्यात वाचून संपवायचं आणि त्यावर लिहायचं. लिहायला सतत लागतं. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे पण माणसांत रमतो, असा विद्यार्थी इथे फसतो. 'मला माणसं आवडतात' एवढ्या भांडवलावर हा विषय घेऊ नये, कारण तीन वर्षांतला बहुतेक वेळ माणसांत जात नाही, माणसांवर लिहिलेल्या जाडजूड पुस्तकांत जातो.

दोन्हींच्या खोडीही वेगळ्या. आमच्या लोकांना एका गावात वर्षभर राहून आल्यावर सगळ्या देशावर बोलायची सवय लागते. समाजशास्त्रातल्या लोकांकडे चार हजार उत्तरं असतात, पण त्यांतल्या एखाद्या 'हो'मागे बाई काय म्हणत होती हे त्यांना सांगता येत नाही. कामावर आमची भांडणं नेमकी याच दोन वाक्यांत होतात.

मानसशास्त्र

इथे निवड खरं तर सोपी आहे. समोर बसलेल्या एका माणसाचा त्रास कमी व्हावा, असं तुम्हाला वाटत असेल तर मानसशास्त्र घ्या. पुढे समुपदेशक किंवा चिकित्सक होण्याची वाट लांब असते, पदव्युत्तर प्रशिक्षण लागतं, अनेक देशांत परवाना लागतो, पण वाट आहे आणि तिच्यावर पायऱ्या आहेत. मानवशास्त्राच्या पदवीवरून त्या वाटेला लागायचं तर बरंच मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते.

मानसशास्त्राला मानवशास्त्राने टोचलेली एक गोष्ट मात्र जाता जाता ऐकून ठेवा. २०१० साली जोसेफ हेनरिक आणि दोन सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतल्या प्रयोगांमध्ये भाग घेतलेल्यांपैकी ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते, ही तक्रार त्यात होती. बाणांची टोकं आत-बाहेर वळवली की सारख्या लांबीच्या दोन रेघा लहान-मोठ्या दिसतात, तो दृष्टिभ्रम तुम्ही पाहिला असेल. १९६०च्या दशकात तो वेगवेगळ्या समाजांत तपासला गेला तेव्हा कलहारीतल्या सान लोकांना तो जवळजवळ झालाच नाही. म्हणजे ज्याला सगळ्यांचा डोळा समजत होतो तोही पुरता सगळ्यांचा निघाला नाही.

हेनरिक स्वतः मानवशास्त्रातून आलेला. अर्थशास्त्रातला एक खेळ त्याने पेरूतल्या माचिग्वेंगा लोकांत खेळवला. एकाला पैसे द्यायचे, त्याने त्यातला वाटा दुसऱ्याला देऊ करायचा, दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही काही नाही. माचिग्वेंगांनी सरासरी २६ टक्के देऊ केले आणि समोरच्यांनी ते बहुतेक वेळा मुकाट घेतले. पुढे याच खेळात इंडोनेशियातल्या लामालेरा गावच्या देवमासे पकडणाऱ्यांनी सरासरी ५८ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त देऊ केले. तिथे देवमासा एकट्याला मारता येत नाही आणि मारल्यावर वाटपाचे नियम काटेकोर असतात. अशा गोष्टी वाचून तुम्ही उठून खोलीत येरझाऱ्या घालणार असाल तर मानवशास्त्राचा विचार जरूर करा. प्रयोगाची आखणी हाच भाग आवडला असेल तर मानसशास्त्रच बरं.

हाडांची बाजू

जैविक मानवशास्त्राचा पहिला प्रात्यक्षिकाचा तास: टेबलावर कमरेची दोन हाडं. मागच्या बाजूच्या खाचेत अंगठा घालून हलवून बघायचं. अंगठा ऐसपैस हलला तर बहुधा स्त्री, अडकला तर बहुधा पुरुष. 'बहुधा' हा शब्द गाळला की गुण कापले जायचे. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं आणि परीक्षेत त्यातला एखादा मोडका तुकडा समोर येतो. पाठांतराला पर्याय नाही.

या बाजूची ओढ असेल तर मानवशास्त्राची तुलना जीवशास्त्राशी करा, समाजशास्त्राशी नको. पुढे जनुकशास्त्रात किंवा प्रयोगशाळेत जायचं असेल तर मी जीवशास्त्राकडे झुकेन. रसायन आणि संख्याशास्त्राचा पाया तिथे पक्का होतो. पण हाडामागचा माणूस हवा असेल तर अर्जेंटिनाकडे बघा. १९७६ ते १९८३च्या लष्करी राजवटीत हजारो माणसं गायब झाली. १९८४ साली अमेरिकन फॉरेन्सिक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे थडगी उकरायला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर काम करायला पुढे आले ते मानवशास्त्र आणि वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी. त्यांतून उभं राहिलेलं पथक पुढे अनेक देशांत गेलं. १९९७ मध्ये बोलिव्हियात चे गव्हेराच्या अवशेषांची ओळख पटवण्यातही ते होतं. हाडावरून वय आणि उंची सांगणं हे त्यातलं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे नातेवाइकांशी बोलून, मोडलेला दात कोणत्या बाजूचा होता हे त्यांच्याकडून काढून घेणं.

पुरातत्त्व आणि इतिहास यांच्याशीही तुलना करतात. त्यावर एवढंच सांगते की कागदपत्रांची आवड असेल तर इतिहास घ्या. ज्यांच्याबद्दल वाचताय ती माणसं उलटून बोलणार नाहीत, याचं सुख कमी नाही.

फील्डवर्क: जाहिरात आणि प्रत्यक्ष

माहितीपत्रकावर कुठल्या तरी बेटाचा फोटो असतो. पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं ते सहसा काही आठवड्यांचं काम आणि शेवटच्या वर्षाचा प्रबंध, तोही राहत्या गावातल्या एखाद्या जिमवर, ग्रंथालयावर किंवा वृद्धाश्रमावर. काही पदव्यांत तेवढंही नसतं. वर्ष-दीड वर्षाचं फील्डवर्क डॉक्टरेटला येतं.

आणि ते रम्यही नसतं. मॅलिनोव्स्कीची खासगी रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली छापली गेली आणि या विषयाच्या देवघरात खळबळ उडाली. बेटावरच्या लोकांवरची चिडचिड, घरची आठवण, कादंबऱ्यांत तोंड खुपसून काढलेले दिवस, सगळं त्यात होतं. माझ्या दृष्टीने विद्यार्थ्याने ही गोष्ट आधीच ऐकलेली बरी. कंटाळा येणं, नको असलेल्या माणसासारखं कोपऱ्यात उभं राहणं, 'तुम्ही नक्की काय करता?' याला चाळीस वेळा उत्तर देणं, हे कामच आहे. टिपणं त्याच रात्री लिहावी लागतात, सकाळपर्यंत निम्मं उडालेलं असतं. टिपणांना किती जपतात त्याचं उदाहरण म्हणजे एम. एन. श्रीनिवास. १९४८ साली कर्नाटकातल्या एका खेड्यात केलेल्या कामाची त्यांनी वर्षानुवर्षं खपून लावलेली टिपणं, तिन्ही प्रतींसह, १९७० साली स्टॅनफर्डमधल्या आगीत जळाली. मग त्यांनी ते गाव बरंचसं आठवणीतून लिहून काढलं. ते पुस्तक गाजलं, पण म्हणून कुणी बॅकअप घ्यायचं सोडू नये.

प्रबंधाआधी नीतिसमितीची परवानगी लागते, संमतिपत्रं लागतात, नावं बदलावी लागतात. हे नुसतं कागदी सोपस्कार वाटतं. पण २००७ साली अमेरिकन लष्कराने इराक आणि अफगाणिस्तानात आपल्या तुकड्यांसोबत मानवशास्त्रज्ञ नेमायला घेतले आणि अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने त्याला विरोध केला. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं कुणाच्या हाती पडेल, हा प्रश्न तिथे गोळीबाराच्या पल्ल्यात आला होता. पदवीच्या वर्गात यावर जितकी चर्चा होते तितकी दुसऱ्या कुठल्याही वर्गात मी ऐकली नाही.

नोकरीचं काय?

आईवडील फोन हातात घेतात ते इथे. सरळ सांगते. 'मानवशास्त्रज्ञ पाहिजेत' अशी जाहिरात क्वचितच असते. समाजशास्त्राचीही फारशी नसते, पण प्रश्नावली, नमुना निवड आणि आकडेवारीचं सॉफ्टवेअर एवढं बायोडेटावर लिहिता येतं आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपण काय शिकलो हे मुलाखतीत उलगडून सांगावं लागतं. पहिल्या नोकरीच्या बाबतीत समाजशास्त्र थोडं पुढे आहे, असं माझं मत.

विभागांच्या संकेतस्थळांवर मात्र मोठी नावं झळकतात. लुसी सचमन झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होती (जिच्यावरून आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तीच कंपनी). माणसं नव्या कॉपी मशीनपुढे कशी अडखळतात हे तिने चित्रित केलं, आणि मशीनचे संकेत वापरणाऱ्याला कसे भलतेच वाटतात ते दाखवून दिलं. फायनान्शियल टाइम्सच्या जिलियन टेटने आधी ताजिकिस्तानातल्या लग्नविधींवर डॉक्टरेट केली आणि नंतर बँकवाल्यांकडे त्याच नजरेने बघत २००८च्या पडझडीआधी धोक्याच्या सूचना दिल्या. नावं खरी, कामं खरी, पण या दोघींकडेही डॉक्टरेट होती. नुसत्या पदवीच्या खात्यावर त्या जमा करू नका.

मला स्वतःला पटणारं उदाहरण वेगळं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४-१६च्या इबोला साथीत अकरा हजारांहून अधिक माणसं गेली. मृतदेहाला स्पर्श होणारे अंत्यविधी हे लागण होण्याचं एक मोठं कारण होतं. गिनीमध्ये एक गरोदर बाई इबोलाने गेली. पोटातलं मूल वेगळं केल्याशिवाय दफन नाही, असा तिच्या समाजाचा आग्रह. शरीर उघडणं म्हणजे मरणाला आमंत्रण, असं आरोग्य पथकाचं म्हणणं. पथकाबरोबरच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी गावातल्या जाणत्यांना गाठून शोधून काढलं की नियम मोडावा लागला तर करायचा प्रायश्चित्ताचा विधी त्यांच्याच परंपरेत आहे. तो विधी झाला आणि बाईला तशीच, कुणाला लागण न होता, पुरलं. विषाणूबद्दलची सगळी माहिती पथकाकडे आधीपासून होती. नव्हता तो 'तुमच्याकडे यावर काही तोड आहे का?' हा प्रश्न.

पदवीनंतर आमच्या वर्गातली माणसं सार्वजनिक आरोग्य, स्वयंसेवी संस्था, संग्रहालयं, पत्रकारिता, आणि अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांतलं वापरकर्त्यांवरचं संशोधन, अशी पांगली. जी लवकर स्थिरावली त्यांच्याकडे मानवशास्त्राच्या जोडीला दुसरं काहीतरी होतं: संख्याशास्त्राचे दोन पेपर, एखादी नवी भाषा, नकाशे करायचं सॉफ्टवेअर. म्हणून मानवशास्त्र घेणार असाल तर जोडविषय आवडीचा नको, कामाचा घ्या. आवड मुख्य विषयात भागते.

आत्ता नाही, नंतर

ही शक्यता फोन करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या डोक्यात असते. मानवशास्त्र पदव्युत्तर पातळीवर घेता येतं, आणि या विषयातले बरेच थोर लोक बाहेरूनच आले. बोआसची १८८१ची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली होती, पाण्याच्या रंगावरची. दोन वर्षांनी तो बॅफिन बेटावर इनुइट लोकांत गेला आणि तिथून माणसांकडे वळला. क्लिफर्ड गीर्ट्झची पहिली पदवी तत्त्वज्ञानाची. उलट दिशेचा प्रवास जड आहे. मानवशास्त्राच्या पदवीवरून अर्थशास्त्राच्या किंवा जनुकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिरायचं तर गणित-विज्ञानाचं राहिलेलं सगळं भरून काढावं लागतं. तेव्हा अर्थशास्त्र, परिचर्या किंवा संगणकशास्त्र आणि मानवशास्त्र अशी रस्सीखेच असेल तर आधी ते घ्या आणि मानवशास्त्र मागून आणा. रस्सीखेच समाजशास्त्राशी किंवा इतिहासाशी असेल तर या हिशोबाला अर्थ नाही. जे वाचावंसं वाटतं ते घ्या.

विभाग बघायला जाल तेव्हा आधीच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध मागा. पहिलं प्रकरण सोडून द्या, ते सगळीकडे सारखंच असतं. मधलं पान उघडा. तिथे कुणी बोलतंय का, कुठली खोली दिसतेय का, की पुस्तकांतल्या उताऱ्यांना उतारे जोडलेत? शिकवणाऱ्यांपैकी कुणी गेल्या काही वर्षांत स्वतः फील्डवर गेलंय का, हेही विचारा. न संकोचता विचारा, चौकशा करणं हाच त्यांचा धंदा आहे.

आणि तोवर एक वही घेऊन कुठेतरी तासभर बसा. फोन बंद. विशेषणं न वापरता लिहा. वीस मिनिटांत जीव नकोसा झाला, किंवा 'अशी माणसं एकूण किती?' हाच प्रश्न डोक्यात फिरत राहिला, तर समाजशास्त्राचा फॉर्म भरा. आमच्या वर्गातली एक मैत्रीण पहिल्या सत्रानंतर तशीच तिकडे गेली. माझ्या प्रश्नावल्या बाहेर जाण्याआधी आता तीच तपासते आणि अजून दर वेळी एका प्रश्नात कोंबलेले दोन प्रश्न शोधून काढते.